तीन हजार वेळा डिस्नीलँड

१ जानेवारी २०१२ पासून १३ मार्च २०२० पर्यंत कॅलिफोर्नियातला एक माणूस रोज डिस्नीलँडला गेला. रोज म्हणजे अगदी रोज. सलग २,९९५ दिवस. कोरोनामुळे पार्कानेच दरवाजे लावून घेतले म्हणून ही साखळी तुटली, नाहीतर तीन हजाराचा आकडा पाचच दिवसांवर आला होता. पुढे गिनीज बुकाने विक्रम म्हणून त्याची नोंदही केली.

ही गोष्ट कुणालाही सांगा, पुढचा प्रश्न ठरलेला असतो. कंटाळा नाही आला त्याला?

प्रश्न रास्त आहे. आवडीची भाजीसुद्धा सलग चौथ्या दिवशी ताटात आली की आपण तोंड वाकडं करतो. पण या माणसाची गोष्ट थोडी पुढे वाचली की वेगळंच काही दिसायला लागतं. सुरुवातीला त्याच्या हाताला काम नव्हतं. पार्काचा वार्षिक पास भेट मिळालेला होता. घरात बसून नोकरीच्या जाहिराती चाळत कुढण्यापेक्षा बाहेर पडावं, चालणं व्हावं, माणसं दिसावीत, एवढाच हिशोब. नंतर नोकरी लागली, तरी काम संपलं की गाडी अ‍ॅनाहाइमकडे वळायची. म्हणजे तो तीन हजार वेळा रोलरकोस्टरवर ओरडत बसलेला नव्हता. तो संध्याकाळी फिरायला जात होता. शिवाजी पार्काच्या कट्ट्यावर चाळीस वर्षं रोज येऊन बसणाऱ्या आजोबांना कुणी विचारतं का, की तोच कट्टा बघून कंटाळा नाही येत?

फरक एवढाच, की कट्ट्याला तिकीट नाही. आणि हा फरक छोटा नाही. त्याच्याकडे येऊच.

आधी जे खरोखर विटतं त्याचं बघू. थरार विटतो, यात शंका नाही. खोपोलीजवळच्या इमॅजिकात ‘नायट्रो’ नावाचा रोलरकोस्टर आहे. साधारण ४० मीटर उंच, ताशी १०५ किलोमीटरच्या आसपास वेग, पायाखाली जमीनच नाही. पहिल्यांदा बसता तेव्हा वर चढतानाची ती खटखट संपूच नये असं वाटतं, आणि टोकावरून गाडी खाली सुटली की पोटातला गोळा थेट घशात येतो. दुसऱ्यांदा तो गोळा कुठे येणार हे माहीत असतं. पाचव्यांदा तुम्ही हात वर करून बाजूच्या मित्राचा चेहरा बघत असता. विसाव्यांदा रांगेतच विचार करता, की एवढा पाऊण तास उभं राहण्यासारखं यात काय आहे? शरीर फार लवकर शिकतं. पडतोय असं वाटलं तरी आपण पडत नाही, हे त्याला एकदा कळलं की ते घाबरायचं नाटकसुद्धा सोडून देतं.

डिस्नीच्या लोकांनी हे फार आधी ओळखलं असावं. अ‍ॅनाहाइममधला ‘स्पेस माउंटन’ १९७७चा. त्याचा वेग ताशी पन्नास-पंचावन्न किलोमीटरच्या घरात, म्हणजे आपल्या एक्स्प्रेसवेवर डावीकडच्या लेनमधल्या ट्रकाएवढा. पण तो अंधारात पळतो. पुढचं वळण दिसत नाही, म्हणून वेग दुप्पट वाटतो. नायट्रो तुम्हाला आकड्यांनी जिंकतो आणि आकडे एकदाच नवे असतात. अंधार मात्र वीस वेळा पुरतो. पन्नास वेळा पुरेल का? मला शंका आहे. वळणं शेवटी पाठ होतातच.

इथे एका अभ्यासाचा उल्लेख करायला हवा. शिकागो विद्यापीठातले एड ओ’ब्रायन यांनी २०१९ साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांनी लोकांना तोच अनुभव पुन्हा घ्यायला लावला. तेच संग्रहालयातलं प्रदर्शन, तोच सिनेमा, तोच गेम. दुसऱ्यांदा किती मजा येईल याचा लोकांनी बांधलेला अंदाज आणि प्रत्यक्षात आलेली मजा यांची तुलना केली. लोकांना वाटलं होतं त्यापेक्षा मजा जास्त आली. कारण साधं आहे. एकदा पाहिलं की आपल्याला सगळं पाहून झालं असं वाटतं, आणि ते खरं नसतं. पहिल्या वेळी आपण किती गोष्टी सोडून पुढे गेलो, याची मोजदाद आपल्या डोक्यात नसतेच.

हे वाचलं आणि मला डिस्नीलँडवरचं नामवंत लेखन आठवलं. उम्बेर्तो एको यांनी १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या नकली जागांवर एक गाजलेला निबंध लिहिला. मेणाचे पुतळे, नकली किल्ले, आणि अर्थातच डिस्नीलँड. त्यांचं निरीक्षण मार्मिक आहे. मेन स्ट्रीटवरची घरं खेळण्यातली वाटतात, त्यांच्यात शिरावंसं वाटतं, आणि आत शिरलं की निघतं दुकान. नकली दारामागे विक्री मात्र अस्सल. मग १९८१ मध्ये ज्यां बोद्रियार आले आणि त्यांनी आणखी पुढची उडी मारली. डिस्नीलँड उघडपणे खोटं दिसतं ते बाहेरची अमेरिका खरी वाटावी म्हणून, असा त्यांचा दावा. गेली चाळीस वर्षं थीम पार्कांवर लिहिणारा प्रत्येक जण या दोघांच्या खांद्यावर उभा राहून लिहितो, आणि त्यामुळे बहुतेकांना तेवढंच दिसतं.

दोघांची बुद्धी मी कोण मोजणार. पण हे लेखन पाहुण्याच्या नजरेचं आहे, हे वाचताना सतत जाणवतं. पाहुण्याला दर्शनी भाग दिसतो, म्हणून त्याचा सिद्धान्तही दर्शनी भागाबद्दलच होतो. संध्याकाळी सात वाजता दोन तासांसाठी येणाऱ्या, एकही राइड न घेता बाकावर बसणाऱ्या माणसाला त्यात जागा नाही. आणि अ‍ॅनाहाइमच्या पार्काचा स्वभाव तर अशाच माणसांनी घडवला आहे. फ्लोरिडातलं डिस्नी वर्ल्ड हे सुट्टी काढून, विमानाने, वर्षभर पैसे साठवून जायचं ठिकाण आहे. अ‍ॅनाहाइमचं पार्क शहराला चिकटलेलं आहे. तिथे आसपासचे लोक जेवायला जातात.

माझी एक मैत्रीण त्याच भागात राहते. आयटीतली नोकरी, एक मुलगी, घरी महाराष्ट्र मंडळाचं कॅलेंडर. त्यांच्याकडे पास आहे. ती सांगते, भारतातून पाहुणे आले की पार्क म्हणजे युद्ध असतं. सकाळी आठला दारात हजर, हातात यादी, पायाला फोड, रात्री मुलं खांद्यावर झोपलेली. पाहुणे गेल्यावर पुढच्या शुक्रवारी हे तिघं पुन्हा जातात. मुलगी घोड्यांच्या चक्रावर तीनदा बसते, आई-बाबा कॉफी घेतात, नऊला घरी. ‘पहिल्यांदा गेलो तेव्हा मला काय आवडलं ते आठवतच नाही,’ ती म्हणाली. ‘घाई आठवते.’

मग या नेहमीच्या लोकांना दिसतं काय?

मेन स्ट्रीटवरच्या इमारतींचा खालचा मजला जवळपास खऱ्या मापाचा आहे आणि वरचे मजले लहान होत जातात. त्यामुळे इमारती उंच वाटतात, पण लहान मुलाला त्यांची भीती वाटत नाही. समोरचा किल्ला अवघा ७७ फूट उंच. मुंबईतली आठ मजली सोसायटीसुद्धा त्याच्या बरोबरीला येईल. वरच्या खिडक्यांवर दंतवैद्य, वकील, शिंपी अशा पाट्या रंगवल्या आहेत, आणि त्यांवरची नावं हे पार्क ज्यांनी उभारलं आणि घडवलं त्या माणसांची आहेत. सिनेमाच्या शेवटी येणारी श्रेयनामावली इथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना टांगलेली आहे, आणि तिच्याखालून जाणाऱ्या हजारोंपैकी बहुतेकांना ती श्रेयनामावली आहे हेच ठाऊक नसतं. अग्निशमन केंद्राच्या वर वॉल्ट डिस्नी यांचं छोटं घर होतं. त्याच्या खिडकीत आजही एक दिवा जळत ठेवतात.

‘हाँटेड मॅन्शन’ घ्या. १९६९ साली उघडलेला भुताचा वाडा. सुरुवातीला तुम्हाला एका अष्टकोनी खोलीत कोंडतात. दार बंद होतं, भिंती ताणल्या जातात, भिंतीवरची चित्रं लांब लांब होत जातात. पहिल्यांदा गेलेला माणूस छताकडे बघून गोंधळतो. दहाव्यांदा गेलेल्याला माहीत असतं की खोली ताणली जात नाहीये, आपण खाली जातोय. ती खोली म्हणजे लिफ्ट आहे. पार्काभोवती मातीचा उंच बांध आहे, बाहेरचं जग आतून दिसू नये म्हणून घातलेला. त्याच्यावरून आगगाडी फिरते. वाड्याची खरी इमारत या बांधाच्या पलीकडे आहे. तिथे नेण्यासाठी माणसांना गुपचूप जमिनीखाली उतरवावं लागतं, आणि त्या उतरण्याचीच एक भुताटकी करून टाकली. फ्लोरिडात तसाच वाडा आहे, पण तिथे जमिनीखाली उतरायची गरज नव्हती. म्हणून तिथे जमीन स्थिर राहते आणि छत वर जातं.

आता सांगा, हे कळल्यावर मजा गेली की वाढली?

आपल्याकडे याचं उत्तर घरोघर आहे. ‘अशी ही बनवाबनवी’ १९८८ साली आला. तुम्ही वाचताय तुमच्यापैकी बहुतेकांच्या जन्माच्या आधी. तरी तुम्हाला तो पाठ आहे. टीव्हीवर मध्येच कुठूनही लागला तरी हातातला रिमोट थांबतो. पुढचा संवाद माहीत असतो, तो कसा म्हटला जाणार तेही माहीत असतं, आणि तो येण्याआधीच आपण हसायला लागतो. तिथे आनंद ‘आता काय होणार’ यात नाही. ‘आता ते होणार’ यात आहे. मराठी माणसाला हे शिकवायला नको. सौभद्रात सुभद्रेचं लग्न शेवटी कुणाशी होणार हे १८८२ सालच्या प्रेक्षकालाही माहीत होतं. बालगंधर्वांच्या पदाला वन्समोअर देणारा माणूस गोष्ट पुढे सरकू नये अशीच मागणी करत होता.

मात्र ही तुलना मी फार ताणणार नाही. वन्समोअरला गायलेलं पद आधीसारखं नसायचं. गाणारा जिवंत होता, त्याचा गळा तापलेला होता, समोरची दाद नवी होती. हाँटेड मॅन्शनमधला आवाज १९६९चं ध्वनिमुद्रण आहे. तो तुमच्यासाठी एक अक्षरही वेगळं बोलणार नाही. म्हणजे पार्क जास्त करून सिनेमासारखं आहे. पडदा तोच, बदलतो तो बघणारा. सात वर्षांचा मुलगा म्हणून पाहिलेला वाडा, पहिल्या प्रेयसीबरोबर पाहिलेला वाडा आणि स्वतःच्या घाबरलेल्या मुलीचा हात धरून पाहिलेला वाडा. लोक पार्काबद्दल बोलताना खरं तर या मधल्या वर्षांबद्दल बोलत असतात. जागा न बदलल्यामुळे आपण किती बदललो ते मोजता येतं, दारावर पेन्सिलीने उंचीच्या खुणा कराव्यात तसं.

इथपर्यंत मी वारंवार जाणाऱ्यांची वकिली केली. आता दुसरी बाजू, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. पुन्हा पुन्हा बघितल्याने दिसत जातं हे खरं. पण पुन्हा पुन्हा बघितल्यानेच काही गोष्टी दिसेनाशाही होतात.

‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ ही राइड १९६७ साली उघडली. याच राइडवरून पुढे सिनेमे निघाले. वॉल्ट डिस्नी यांनी स्वतः देखरेख केलेली ही शेवटची राइड, पण ती उघडण्याआधीच, डिसेंबर १९६६ मध्ये ते गेले. होडीतून जाताना एका वळणावर चाच्यांनी लुटलेलं गाव लागतं. तिथे एक लिलाव चालू असायचा. दोरीने बांधलेल्या बायका ओळीत उभ्या, वर ‘नवरी घेऊन जा’ अशा अर्थाचा फलक, समोर बोली लावणारे दारुडे चाचे. विनोदी संगीत. हे दृश्य २०१८ साली बदललं. रांगेतली लाल केसांची बाई आता स्वतःच चाची झाली आहे आणि लिलाव लुटीच्या मालाचा होतो.

म्हणजे ५१ वर्षं हा बायकांचा लिलाव चालू होता. त्यासमोरून कोट्यवधी लोक हसत गेले, त्यात शेकडो वेळा गेलेले निष्ठावंत होते. या लोकांना पार्कातली प्रत्येक वीट माहीत. कुठल्या कोपऱ्यात तीन वर्तुळांचा लपवलेला मिकी आहे, कुठल्या पुतळ्याचा हात कधी दुरुस्त झाला, सगळं तोंडपाठ. आणि बदलाची घोषणा झाली तेव्हा यांच्यापैकीच कित्येकांना राग आला, की आमच्या लहानपणाला हात का लावता? हा ढोंगीपणा नव्हता, असं मला वाटतं. त्यांना ते दृश्य खरोखरच ‘बायकांचा लिलाव’ म्हणून दिसत नव्हतं. ते ‘डावीकडचं वळण, त्यानंतर जळणारं गाव’ असं दिसत होतं. सवयीने थरार बोथट होतो तसा हा दुसराही एक भाग बोथट होतो, आणि त्याची तक्रार कुणी करत नाही, कारण तो बोथट झाल्याचं कळतच नाही. पहिल्यांदा गेलेल्या कुणाही मुलीने होडीतून उतरल्यावर विचारलं असेल, त्या बायकांना का विकत होते? पाहुण्याच्या नजरेचा फायदा तो हा. मघाशी मी एको आणि बोद्रियार यांना पाहुणे म्हणून जरा खाली बसवलं, पण हे काम पाहुणेच करू शकतात.

‘स्प्लॅश माउंटन’चंही असंच झालं. शेवटी पाण्यात कोसळणारी ही लोकप्रिय राइड ‘साँग ऑफ द साउथ’ या १९४६च्या सिनेमावर बेतलेली होती. गुलामगिरीनंतरच्या दक्षिणेतलं कृष्णवर्णीयांचं जगणं गोडगुलाबी रंगवल्याबद्दल या सिनेमावर सुरुवातीपासून टीका होत आली आहे. २०२० मध्ये राइड बदलायची घोषणा झाली, २०२३ च्या मे महिन्यात ती अ‍ॅनाहाइममध्ये बंद झाली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये तिथे टियाना या कृष्णवर्णीय राजकन्येची राइड उघडली. फ्लोरिडातली राइड बंद झाली तेव्हा तर काही बहाद्दरांनी तिथलं पाणी बरण्यांत भरून ऑनलाइन विकायला काढलं. हसू येतं. पण त्यातलं दुःख खोटं नाही. बदल योग्य होता असं माझं मत आहे, आणि ज्याच्या बापाने त्याला पहिल्यांदा त्या धबधब्यावरून नेलं, त्याचं रडणंही मला समजतं. पंचवीस वर्षं एखादी जागा मनात घर करून राहिली की तिच्यावर आपला मालकी हक्क आहे असं वाटायला लागतं. मालक मात्र दुसराच असतो.

मालकावरून आठवलं. नेहमीच्या लोकांना पार्कातले कर्मचारी ओळखतात, तेही त्यांना ओळखतात. हाका मारतात, वाढदिवसाला बिल्ला देतात. २०१८ मध्ये कामगार संघटनांच्या पुढाकाराने झालेल्या एका सर्वेक्षणात असं पुढे आलं, की उत्तर देणाऱ्या डिस्नीलँड कर्मचाऱ्यांपैकी दहातल्या एकाहून जास्त जणांवर त्याआधीच्या दोन वर्षांत कधी ना कधी बेघर व्हायची पाळी आली होती. त्याच वर्षी अ‍ॅनाहाइमच्या मतदारांनी किमान वेतन वाढवण्याच्या बाजूने कौल दिला. शंभर वेळा जाणाऱ्याला भुताच्या वाड्यातली लिफ्ट कळते. दार उघडणारा मुलगा रात्री कुठे झोपतो, हे किती जणांना कळतं?

आता कट्ट्याचा आणि तिकिटाचा मुद्दा.

१९५५ साली डिस्नीलँड उघडलं तेव्हा मोठ्या माणसाचं प्रवेशशुल्क एक डॉलर होतं. राइडचे पैसे वेगळे. पुढे तिकिटांच्या वह्या आल्या, त्यात ए, बी, सी, डी आणि १९५९ पासून ई अशी प्रतवारी. ई म्हणजे सर्वांत भारी. आपल्या जत्रेतलंच गणित, आकाशपाळण्याचे वेगळे, मौत का कुआँचे वेगळे. त्यात एक सोय होती. नुसतं आत जाऊन बसायला फारसं काही पडत नव्हतं. १९८०च्या दशकात एकच सरसकट तिकीट आलं, आणि मग माणूस पैसे वसूल करायला लागला. आज गर्दीच्या दिवशी हे तिकीट २०० डॉलरच्या वर जातं. एवढे पैसे भरून बाकावर कोण बसेल?

वार्षिक पासाने ही बाकावरची बैठक परत आणली. हप्त्याने पैसे भरा आणि हवं तेव्हा या. २०१०च्या दशकात तर पासवाल्यांचे गट निघाले, बायकर टोळ्यांसारखी डेनिमची जाकिटं घालून, पाठीवर गटाचं नाव शिवून मेन स्ट्रीटवर फिरणारे. दिसायला दांडगे, वागायला गणेशोत्सव मंडळातल्या कार्यकर्त्यांसारखे. पण पासाच्याही पोटात वसुली असतेच. वर्षात अमुक वेळा गेलो तरच परवडला. या महिन्यात गेलोच नाही, चला. आणि इथेच मला वाटतं खरा कंटाळा सुरू होतो. दहा वेळा गेल्याने तो येत नाही. अकराव्यांदा ‘जायला हवं’ म्हणून गेल्याने येतो. जिमची वर्षाची फी भरलेल्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको. ओटीटीवर ‘सबस्क्रिप्शन संपायच्या आत बघून टाकू’ म्हणून पाहिलेल्या मालिका आठवा. त्यातली एक तरी आठवतेय का?

जानेवारी २०२१ मध्ये डिस्नीलँडने जुना पास बंद केला. ऑगस्टमध्ये ‘मॅजिक की’ आणली. पास हातात असला तरी आधी दिवस राखून ठेवायचा, मगच जायचं. त्याच वर्षी पूर्वी फुकट मिळणारी झटपट रांग पैसे देऊन फोनवर घ्यायची झाली. कंपनीच्या बाजूने बघितलं तर गर्दी आवरायला हे लागत असेल. पण ‘चल, जाऊन येऊ’ हे वाक्य त्यात मेलं. माझ्या मैत्रिणीला आता आठवडाभर आधी ठरवावं लागतं की पुढच्या शुक्रवारी तिला निवांत बसावंसं वाटणार आहे. पार्कात गेल्यावर लोक माना खाली घालून पुढच्या राइडची वेळ शोधतात. हजारदा पाहिलेल्या जागेकडे हजार एकाव्या वेळी बघायचं तर डोकं रिकामं लागतं, आणि नेमकं तेच या रचनेने भरून टाकलंय.

आपल्याकडे हा प्रश्न दुसऱ्या टोकाने उभा राहतो. मुंबईजवळ गोराईला १९८९ साली एस्सेलवर्ल्ड उघडलं. त्याच्या जाहिरातीतला मुलगा घरी जायचंच नाही म्हणून हटून बसायचा. त्या जिंगलवर एक अख्खी पिढी वाढली, पण त्या पिढीतले बहुतेक जण तिथे आयुष्यात एकदा किंवा दोनदा गेले. शाळेची सहल नाहीतर मामाचा बोनस. खाडीतली बोट, ऊन, डब्यातल्या पुऱ्या, तेवढंच. आता ते पार्क बंद आहे, आणि त्याच्याबद्दल इन्स्टाग्रामवर जे लिहिलं जातं त्यात तपशील जवळजवळ नसतात. कुठल्या राइडला किती वळणं होती, कुठला कर्मचारी कुठे उभा असायचा, कुणालाच सांगता येत नाही. फक्त ‘काय दिवस होते!’ असतं. दोनदा गेलेल्या जागेची आठवण अशी चकचकीत राहते, कारण तिला हात लागलेलाच नसतो.

यातलं चांगलं कुठलं? जत्रेकडे बघून वाटतं की वर्षातून एकदाच बरं. पाळणा येतो, आठ दिवस राहतो, जातो, आणि मैदानावर खड्डे उरतात. पुढच्या वर्षीपर्यंत वाट बघण्यात निम्मी मजा. पण जत्रेलाही न चुकता जाणारा माणूस दरवर्षी तोच पाळणा बघतो, त्याच पाळणेवाल्याशी दोन शब्द बोलतो, गेल्या वर्षी त्याचा मुलगा सोबत होता, यंदा का नाही, हे विचारतो. हे एकदाच गेलेल्याला जमत नाही. मला स्वतःला हा दुसरा प्रकार जवळचा वाटतो. चकचकीत आठवणीपेक्षा हाताळून मळलेली ओळख बरी, पण ती मळवायला पुरेसा वेळ आणि पैसा असावा लागतो. ‘कंटाळा आला’ म्हणायला आधी पोटभर मिळावं लागतं.

गोराईला ते कुणाला मिळालंच नाही. जाहिरातीतला तो मुलगा आज चाळिशीच्या आसपास असेल. त्याला त्याच्या मुलीला बोटीत बसवून, हा पाळणा मला तेव्हा फार मोठा वाटला होता गं, असं सांगता आलं असतं. तिने मान वर करून बघितलं असतं आणि म्हटलं असतं, मोठाच तर आहे.